वैर कायम, तरी फोन चालू : शस्त्रसंधीवर दोन शत्रू मिळून नजर का ठेवतात?

१० मे २०२५. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी, म्हणजे डीजीएमओंनी, भारताच्या डीजीएमओंना फोन केला. संध्याकाळी ५ पासून जमीन, हवा, समुद्र सगळीकडची कारवाई थांबवायचं ठरलं. सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांतली मुलं फौजेत आहेत. त्या घरांसाठी ही बातमी टीव्हीपुरती नव्हती. पण वाचकहो, इतकं वैर असताना हे एकमेकांना फोन तरी का करतात?

आपल्या शिराळ्याकडचंच उदाहरण घेऊ. महाराष्ट्र-कर्नाटकाचा सीमावाद आणि कृष्णेच्या पाण्याचं भांडण जुनंच. तरी पावसाळ्यात कोयना, चांदोली, अलमट्टीतून किती पाणी सोडलं, हे दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांना कळवतात. माहिती लपवली तर पूर कोणाच्याही शेतात शिरेल. नियंत्रण रेषेवरही हिशेब तसाच आहे.

पहिलं कारण गैरसमजाचं. एखादी गोळी सुटली, तर ती चौकीवरच्या कुणी परस्पर झाडली की वरून हुकूम आला? विचारायची सोय नसेल तर उत्तर तोफेनं दिलं जातं. दोघांकडे अणुबॉम्ब आहेत. म्हणून तर १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात.

दुसरं कारण पंचाचं. १९४९ पासून काश्मीरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आहेत. पण १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचं काम संपलं, अशी भारताची भूमिका आहे. पाकिस्तान मात्र अजूनही त्यांच्याकडे तक्रारी नेतो. तिसरा पंच नको असेल, तर समोरच्याशी थेट बोलावंच लागतं. म्हणून हॉटलाइन.

तिसरं कारण सीमेवरची माणसं. मे २०२५ मध्ये पूंछमध्ये तोफगोळ्यांनी सामान्य लोक मेले, त्यात लहान मुलंही होती. पलीकडेही गावंच आहेत.

मग फोन असला की अमन आलाच का? तसं नाही. २००३ च्या नोव्हेंबरात, ईदच्या दिवसापासून, शस्त्रसंधी लागू झाली होती. पुढे ती ढासळत गेली. भारत सरकारच्या आकड्यांनुसार एकट्या २०२० मध्ये पाच हजारांहून जास्त वेळा ती मोडली. हॉटलाइन तेव्हाही होतीच. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंनी संयुक्त निवेदन काढलं आणि त्यानंतर चार वर्षं सीमा बरीचशी शांत राहिली. यंत्रणा तीच होती, फक्त दोन्ही सरकारांनी ती वापरायचं मनावर घेतलं.

मूळ प्रश्न, म्हणजे काश्मीर, यानं सुटत नाही. पण तो सुटेपर्यंत माणसं जिवंत राहतात. म्हणून पुढच्या वेळी चॅनलवर आरडाओरडा सुरू झाला, की आपण एवढंच शोधू या: दोन डीजीएमओ आज बोलले का?