जिथे गाडीला थांबावंच लागतं

गाव कशामुळे वसतं असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, नदीमुळे, नाहीतर काळ्या रानामुळे, नाहीतर एखाद्या जागृत देवामुळे, आणि बहुतेक गावांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण आमच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या शिवेला अगदी खेटून, समुद्रापासून सहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर एक गाव असं आहे की ते वसवलं एका चढाने. कॅसलरॉक त्याचं नाव. आता चढ कधी गाव वसवतो का, असं तुमच्या मनात आलं असेल; तर जरा नीट बसा, कारण ही गोष्ट पावसापासून सुरू होते आणि मग आगगाडीवर येते.

अरबी समुद्रावरून निघालेला पावसाळी वारा गोव्याची सपाटी ओलांडून आला की पुढे सह्याद्री आडवा. वळसा घालायला वाट नाही, म्हणून तो वर चढतो, वर चढला की गारठतो, आणि गारठलेल्या हवेला पोटातली वाफ सांभाळता येत नाही, म्हणून ती तिथेच ओतून मोकळी होते. कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो तो असा, आणि तेच ढग पुढे धारवाडला पोचेस्तोवर त्यातला जेमतेम सहावा हिस्सा उरतो. या भागातला खडक अडीच अब्ज वर्षांच्या घरातला, त्यावर हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या कोसळतंय, आणि त्याच ओलाव्यात एक नवलाचा जीव राहतो, तो मी सांगितल्यावाचून पुढे जाणार नाही. एक रातबेडूक आहे, झऱ्याकाठच्या दगडांत राहणारा. त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही; झऱ्यावर ओणवलेल्या पानावर घालते. पिल्लं तयार झाली की त्या पानावरून टपकन खाली पाण्यात पडतात, आणि त्यांचा बेडूक होण्याचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. रातबेडकांचं हे सगळं कूळ जगात फक्त सह्याद्रीत सापडतं, आणि ही जात इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे या अभ्यासकांनी 2005 साली जगापुढे मांडली ती कॅसलरॉकच्याच झऱ्यांवरून. हजारो माणसं रोज गाडीने तिथून जात होती, आणि खाली झऱ्यात हा बसलेला कुणाला ठाऊक नव्हता!

तर असा हा चढ. ढगाला त्याने थांबवलं, आणि पुढे आगगाडीलाही थांबवलं.

आगगाडी इथे आली त्याच्या मागे दुष्काळ आहे. 1876 ते 1878 या सालांत धारवाड, बेळगाव, कलादगी या मुलखात माणसं अन्नावाचून मेली, आणि धान्य दुसरीकडे असूनही वेळेवर पोचवायला रूळ नव्हते. दुसरीकडे धारवाड-हुबळीचा कापूस बैलगाड्यांवरून घाट उतरत होता, आणि पश्चिमेला मुरगावचं बंदर रिकामं उभं होतं, पण ते पोर्तुगीजांच्या ताब्यात. मग 1878 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, लंडनला कंपनी निघाली, आणि मुरगावकडून रूळ यायला लागले, मीटरभर रुंदीचे. 1887 साली ते सावर्ड्यापर्यंत आले, आणि 1888 साली जंगल फोडून, एकामागून एक बोगदे खणत, दूधसागर धबधब्याच्या ऐन धारेसमोर पूल बांधून, कॅसलरॉकला पोचले. मुरगाव ते सीमा, अवघे ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटर. वरून लोंढ्याच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आले, आणि दोन्ही रुळांची गाठ घाटमाथ्यावर या ठिकाणी पडली. हिवतापाचं रान, कोसळता पाऊस, आणि हातात घण, पहार नि सुरुंगाची दारू. ज्यांनी हे बोगदे खणले त्या मजुरांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, म्हणून अंधाऱ्या बोगद्यात गाडी शिरली की मी त्यांना मनातल्या मनात हात जोडतो.

आता खरी गंमत ऐका. आगगाडीला चढ इतका का जड जातो? लोखंडी चाक लोखंडी रुळाला टेकतं ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते, आणि तेवढ्या जागेवर टनावारी ओझं उभं राहतं. घसट कमी म्हणून सपाटीवर गाडी पाण्यासारखी वाहते. हजार टनांची गाडी चालती ठेवायला तीन-चार टनांची ओढ पुरते. पण घाटाच्या पायथ्याचं कुळे ते कॅसलरॉक या सव्वीस किलोमीटरांत चढ आहे सदतीसाला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, बैलगाडीवाला त्याला चढ म्हणायचाही नाही. पण हिशेब करा: हजार टनांना सदतिसांनी भागा, तर सत्तावीस टन. तेवढ्या जोराने तीच गाडी मागे खेचली जाते. म्हणजे जी कमी घसट सपाटीवर वरदान, तीच इथे शाप. त्यात रूळ पावसाने भिजलेले, वर कुजका पाला पडलेला. चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही. म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असते, आणि चाकाखाली वाळूची बारीक धार सोडून ते पकड घेतं. निसर्गाने झिजवलेल्या दगडाचा भुगा, आणि त्याच्यावाचून एवढं मोठं यंत्र अडून बसतं!

तरी एका इंजिनाचं ते काम नव्हे, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. सगळी पुढेच का जोडत नाहीत? कारण मग सगळ्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या जोडणीवर येतो आणि ती तुटू शकते. मागून ढकललं तर ताण वाटला जातो, आणि कुठे जोडणी तुटलीच तर मागचं इंजिन डबे धरून ठेवतं. उतरताना तर आणखी जपावं लागतं. घाट उतरण्याआधी कॅसलरॉकला ब्रेक तपासतात, आणि घाटातल्या स्थानकांपाशी एक रूळ मुद्दाम डोंगरात वर चढवून ठेवलेला असतो. ब्रेक हुकलेली गाडी त्या रुळावर शिरली की चढ तिचा वेग खाऊन टाकतो. ज्या चढाने छळलं तोच तिथे वाचवतो, हे मला फार आवडतं.

आणि आता गाव कसं वसलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. गाडीला थांबावं लागतं, म्हणजे पाणी लागतं, कोळसा लागतो, इंजिनं जोडायला-सोडायला माणसं लागतात. ड्रायव्हर आले, कोळसा टाकणारे आले, फिटर, सांधेवाले, आणि पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन रुळांवर दरड शोधत हिंडणारे गँगमन आले. त्यांच्या बायकापोरांसाठी चाळी उठल्या, चाळींसाठी दुकानं, दुकानांसाठी बाजार. भोवतीच्या रानात कुणबी आणि गवळी धनगर आधीपासून होतेच. त्यांच्या शेजारी कोकणी, मराठी, कानडी बोलणारी रेल्वेची माणसं येऊन राहिली.

त्यात भर पडली सीमेची. 1892 साली 1878 चा तो तह संपला, आणि त्याने हटवलेली जकात पुन्हा आडवी आली. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी, वर कॅसलरॉकला इंग्रजांची. मुंबई-पुण्याहून घरी निघालेला गोंयकार इथे ट्रंका उघडून उभा राहायचा. याच वाटेवर सप्टेंबर 1946 मध्ये स्वातंत्र्यसैनिक राममनोहर लोहियांना पोर्तुगीजांनी कुळे स्थानकावर पकडलं. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीचे सत्याग्रही इथून रुळांवरून गोव्याकडे चालत निघाले आणि पलीकडून गोळ्या आल्या. त्याच साली गाड्या बंद पडल्या. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षी गाड्या पुन्हा धावल्या, पण आता सीमाच उरली नव्हती, तेव्हा जकातीचा कारभार गेला, आणि पुढे वाफेची इंजिनं गेली तेव्हा पाण्या-कोळशाचं कामही गेलं. 1990 च्या दशकात रूळ रुंद झाले. गावातली वर्दळ ओसरली ती अशी टप्प्याटप्प्याने.

पण गाव बुडालं नाही, आणि आमच्या तालुक्यात बुडणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. तालुक्याचं जुनं ठाणं सुपा, भरलेलं, नांदतं गाव, काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. सुप्याला वसवणारी नदीच त्याच्यावर चढली. कॅसलरॉकला वसवणारा चढ मात्र जागचा हललेला नाही. आजही मुरगावला उतरलेला कोळसा बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो तो हाच घाट चढून, आणि आजही बँकर लागतातच.

मध्यंतरी इथे रुळांची दुसरी जोडी टाकायचं ठरलं होतं. भोवती एका अंगाला काळी व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या अंगाला गोव्याचं भगवान महावीर अभयारण्य. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाने त्याला दिलेली मंजुरी रद्द केली, आणि मला ते मनापासून पटलं. जुलै 2021 मध्ये दूधसागर-सोनावळीच्या दरम्यान दरड येऊन प्रवासी गाडी घसरली होती. झाडांची मुळं ज्या उतारांना धरून बसली आहेत ते आणखी कापले, तर वरचा पाऊस काही कमी पडणार नाही. घाट हळूच चढायचा असतो, ही गोष्ट वारा, बेडूक आणि इंजिन या तिघांनाही कळलेली आहे.

म्हणून पोरांनो, कधी गोव्याला जाताना कॅसलरॉकला गाडी बराच वेळ उभी राहिली, तर कुरकुरू नका. खाली उतरून चहा घ्या, गाडीच्या टोकाशी चाललेलं इंजिनांचं काम बघा, ब्रेक तपासणाऱ्या माणसाला वाट द्या. त्या थांबण्यावरच हे गाव जगलं, आणि त्या थांबण्यामुळेच तुम्ही कुळ्याला धड उतरणार आहात.