सज्जा आपला, दर्शनी भाग सर्वांचा

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या डोंगरांजवळ मानेसर वसले आहे. एके काळचे हे खेडे आता कारखान्यांचे आणि बहुमजली इमारतींचे नगर झाले आहे. तेथे बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी गृहस्थाला पावसाळ्यात प्रश्न पडतो : सज्ज्याला डासांची जाळी बसवावयाची, तर रहिवासी संघाची संमती कशासाठी? घर आपले, खर्च आपला आणि ताप येणार तोही आपल्याच मुलांना!

जाळीची उपयुक्तता वादातीत आहे. १९०० साली सँबन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत, हिवतापाच्या ऐन हंगामात, जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. सूर्यास्तापूर्वी ते आत जात. त्यांना हिवताप झाला नाही. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो. त्याच्यापुढे रात्रीची मच्छरदाणी काय करणार?

परंतु सज्ज्याचा उपभोग आपला असला, तरी इमारतीची बाह्य भिंत सर्वांची असते. इमारतीच्या सुरक्षिततेस किंवा मोलास बाध आणणारे काम एकट्या मालकाने करू नये, हे हरयाणाच्या १९८३ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यांचे समान तत्त्व आहे. सैल चौकट वादळात निखळली, तर इजा खालून जाणाऱ्यास होते. पक्की लोखंडी जाळी आगीच्या वेळी सुटकेची वाट अडविते.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच लेखी अर्ज करावा. सोबत मापांसह आराखडा जोडावा. जाळीचा प्रकार व रंग, चौकट कशी बसविणार, पाण्याचा निचरा कसा मोकळा राहील, हे लिहावे. आतून उघडणारे एक दार अवश्य ठेवावे. सर्व घरांना चालेल असा एकच नमुना सुचविल्यास संघाचीही अडचण दूर होते. नकार मिळाल्यास कारणे लेखी मागावीत आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा.

काच किंवा भिंत घालून सज्जा बंदिस्त करणे ही मात्र निराळी गोष्ट. ती खोलीची वाढ ठरू शकते. तेथे संघाच्या संमतीवर न थांबता नगररचना खात्याचे नियमही पाहावे लागतात.

संघानेही ध्यानात ठेवावे की, इमारतीची शोभा राखणे हे त्याचे काम खरे. पण तीत राहणाऱ्यांचे आरोग्य त्याहून मोलाचे आहे.