ऊतकमृत्युजन्य आंत्रशोथाचे रक्तनिदर्शक

अकाल जन्मलेल्या (गर्भावधीचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या) अर्भकाच्या आतड्याला दाहयुक्त सूज येऊन त्याच्या भित्तीचा काही भाग मृत होण्याच्या विकारास ऊतकमृत्युजन्य आंत्रशोथ म्हणतात. त्याच्या निदानासाठी रक्तात मोजण्यात येणारे पदार्थ व कोशिका म्हणजे त्याचे रक्तनिदर्शक होत. हा विकार मुख्यतः जन्मतः १,५०० ग्रॅ.पेक्षा कमी वजन असलेल्या अर्भकांत आढळतो. बाधितांपैकी सु. २० ते ३०% अर्भके दगावतात. शस्त्रक्रिया करावी लागल्यास हे प्रमाण वाढते. वाचलेल्यांपैकी काहींत आतडे आखूड राहते व मेंदूच्या विकासात न्यून राहू शकते.

निदानातील अडचणी : पोट फुगणे, दूध न पचणे, श्वसन मधूनमधून थांबणे, नाडी मंदावणे ही प्रारंभीची लक्षणे जंतुरक्ततेत (रक्तातील जंतुसंसर्गात) आणि कधीकधी केवळ अपक्वतेमुळेही दिसतात. बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये विकाराच्या तीन अवस्था सुचविल्या व १९८६ मध्ये वॉल्श आणि क्लिगमन यांनी त्यांत सुधारणा केली. यांपैकी पहिली अवस्था केवळ संशयाची असते. क्ष-किरण चित्रात आतड्याच्या भित्तीत वायू दिसणे हे महत्त्वाचे चिन्ह होय; परंतु तोपर्यंत इजा होऊन गेलेली असते. उपचारास विलंब झाल्यास आतड्यास छिद्र पडून पर्युदरशोथ होतो. उलट, निष्कारण दूध बंद करून प्रतिजैविके दिल्यास अर्भकाचे पोषण खुंटते व शिरेतून द्यावयाच्या पोषणाचे धोके वाढतात.

निदर्शकांचे प्रकार : (१) शरीराच्या प्रतिक्रियेचे निदर्शक : टिलेट व फ्रॅन्सिस यांनी १९३० मध्ये वर्णिलेले सी-विक्रियाशील प्रथिन यकृतात तयार होते. शोथ सुरू झाल्यावर त्याचे प्रमाण वाढण्यास काही तास लागतात. त्यामुळे पहिली तपासणी प्राकृत (सामान्य) आल्याने विकार नाही असे ठरत नाही. तपासणी पुन्हा करावी लागते. इंटरल्यूकीन-६ व इंटरल्यूकीन-८ ही त्याआधी वाढतात. मात्र हे सर्व पदार्थ कोणत्याही तीव्र संसर्गात वाढत असल्याने ते आतड्याकडे निश्चित निर्देश करीत नाहीत. बिंबाणूंची घट व रक्ताची वाढती अम्लता ही विकार बळावल्याची चिन्हे होत.

(२) आतड्याच्या इजेचे निदर्शक : आंत्रीय वसाम्ल-बंधक प्रथिन आतड्याच्या अस्तरातील कोशिकांत असते. कोशिका भंगल्यावर ते रक्तात उतरते व मूत्रावाटे बाहेर पडते. ते आतड्याशी निगडित असले, तरी इजा झाल्यावरच वाढत असल्याने विकाराच्या प्रारंभी ते पुष्कळदा उपयोगी पडत नाही.

(३) आतड्याच्या कार्यक्षमतेचे निदर्शक : सिट्रुलीन हे ॲमिनो अम्ल मुख्यतः लहान आतड्यातील कोशिका तयार करतात. कार्यक्षम कोशिका घटल्या की रक्तातील त्याची पातळी उतरते.

मर्यादा व उपयोग : एकट्याच्या आधारे निदान करता येईल इतका खात्रीचा असा कोणताही निदर्शक अद्याप ठरलेला नाही. याचे एक कारण गणिती आहे. समजा, १०० अर्भकांपैकी १० जणांना विकार आहे आणि चाचणी ९०% बाधित व ९०% अबाधित अर्भके अचूक ओळखते. तर ९ बाधितांबरोबर ९ अबाधित अर्भकेही बाधित ठरतील व त्यांचेही दूध बंद होईल. यामुळे अनेक निदर्शक एकत्रित पाहण्याकडे कल आहे. हाँगकाँग येथील संशोधकांनी २०१० मध्ये दोन रक्तप्रथिनांवर आधारलेला एक निर्देशांक मांडला. परंतु तो जंतुरक्तता व आंत्रशोथ या दोहोंसाठी आहे. शिवाय १ किग्रॅ. वजनाच्या अर्भकाच्या शरीरात सु. ८० ते ९० मिलि. एवढेच रक्त असल्याने काही थेंबांत होणाऱ्या चाचण्याच व्यवहार्य ठरतात.

निदान अनिश्चित असल्याने प्रतिबंधाचे महत्त्व मोठे आहे. मातेच्या दुधावर वाढणाऱ्या अर्भकांत हा विकार कमी आढळतो. मातेचे दूध अपुरे पडल्यास दात्या मातांचे दूध देता यावे म्हणून दुग्धपेढ्या स्थापन झाल्या. आशियातील अशी पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली.