मोहल्ल्यातली बेकरी : भट्टी विझवण्याआधी हिशेब करा

नांदेडच्या इतवाऱ्यातील एका जुन्या बेकरीत गेल्या महिन्यात आम्ही भल्या पहाटे जाऊन बसलो. फजरची नमाज आटोपून परतणारी माणसे, दूधवाले, रिक्षावाले आणि शाळेचा डबा भरायच्या घाईतली मुले, सगळ्यांची पहिली गाठ याच दुकानाशी पडते. कुणी पावाची लादी नेतो, कुणी पावशेर खारी, कुणी नुसताच उभा राहून चहात टोस्ट बुडवतो. मालकांच्या आजोबांनी घातलेली ही भट्टी. आता त्यांच्या मुलाचे म्हणणे असे की, भट्टी बंद करावी आणि जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यावी. घरी बसून भाडे येईल, पहाटे तीनला उठणे टळेल. वडिलांना ते पटत नाही, पण मुलाला काय उत्तर द्यावे हेही सुचत नाही.

हा प्रश्न एका घराचा नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही लातूरला गेलो तेव्हा गंजगोलाईजवळच्या एका बेकरीत जवळजवळ हेच बोलणे ऐकले. आमच्या समाजातील किती तरी घरांची रोजी या धंद्यावर चालते. मळणारा, भट्टीवाला, सायकलवर पत्र्याचे डबे बांधून खेड्यापाड्यांत टोस्ट-खारी विकणारा फेरीवाला, असा सगळा गोतावळा एका भट्टीभोवती उभा असतो. म्हणून या धंद्याचे गणित, त्यातले धोके आणि त्यातली संधी वाचक बंधूंसमोर मांडण्याचे आम्ही ठरवले.

एका भट्टीचा दिवस

विटांची भट्टी ही उष्णता साठवून ठेवणारी तिजोरी आहे. रात्री लाकूड पेटवून विटा तापवायच्या, निखारे-राख बाजूला ओढायची, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि मग जी उष्णता विटांत साठली आहे ती उतरत्या क्रमाने खर्च करायची, यात भट्टीवाल्याचे सारे कसब आहे. भट्टी सर्वांत कडक असते तेव्हा पाव लागतो. थोडी उतरली की खारी. त्यानंतर बिस्किटे आणि नानखटाई, कारण त्यांना मंद आच लागते. सर्वांत शेवटी टोस्ट. टोस्ट म्हणजे आधी भाजलेल्या ब्रेडचे काप. ते उरलेल्या उबेत सावकाश वाळत राहतात. एकदा पेटवलेल्या लाकडातून असे चार माल निघतात. जो फक्त पाव भाजून भट्टी सोडून देतो, तो अर्धी उष्णता फुकट घालवतो. जळणाचा खर्च वाढला अशी तक्रार करण्याआधी आपण भट्टीचे किती फेरे घेतो, हे प्रत्येकाने मोजावे.

मराठवाड्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा पीठ पाहता पाहता फुगते आणि आंबट होते. जाणते उस्ताद उन्हाळ्यात यीस्ट कमी करतात, बर्फाचे पाणी घालतात आणि पीठ रात्री उशिरा मळतात. थंडीत याच्या उलट. पावसाळ्यात खारी आणि टोस्ट सर्दावतात. तेथे हवाबंद डबा हाच इलाज. आम्ही स्वतः एकदा पावसाळ्यात लग्नाच्या ऑर्डरसाठी खारी दोन दिवस आधी घेऊन कागदाच्या खोक्यात ठेवली होती. पाहुण्यांसमोर ती चामड्यासारखी निघाली, तेव्हापासून हा धडा पाठ आहे.

काटा खोटे बोलत नाही

आता आकड्यांकडे वळू. ५० किलोच्या एका पोत्यात साधारण २८ लिटर पाणी आणि मीठ, साखर, यीस्ट, तेल मिळून दोनेक किलो घातले, तर ८० किलोच्या आसपास पीठ तयार होते. ५० ग्रॅमचा गोळा तोडला तर १६०० पाव झाले. तोच गोळा हाताच्या अंदाजाने ५२ ग्रॅमचा पडला तर १५३८ पाव होतात. म्हणजे एका पोत्यामागे ६२ पाव कमी. रोज एक पोते आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर १८,६०० पाव नुसत्या अंदाजात गेले. उलट गोळा लहान पडला तर गिऱ्हाईक ओरडते आणि त्याचे ओरडणे रास्त असते. माप पूर्ण देणे हे आपले कर्तव्यच आहे, पण पूर्ण आणि जास्त यांतला फरक काट्यावरच कळतो. एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा महिनाभरात आपली किंमत वसूल करून देतो.

दुसरी गळती परत येणाऱ्या मालाची. हॉटेलवाल्यांना उधारीवर पाव द्यायचा, उरलेला संध्याकाळी परत घ्यायचा, हा रिवाज आपणच पाडला आहे. परत आलेल्या पावाचा आकडा वहीत वेगळा लिहावा. महिनाभरात कोणाकडून किती परत येते ते दिसेल आणि तेवढा माल कमी देता येईल.

पाण्याचा मुद्दा लातूरकरांना वेगळा सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कुणी विसरलेले नाही. एका पोत्याला नुसत्या मळण्यासाठी २८ लिटर पाणी लागते. भांडी, ट्रे आणि फरशी धुण्याचे वेगळे. ज्याच्याकडे छपराच्या पाण्याची टाकी आहे, त्याचा धंदा टंचाईत तग धरतो.

मालात काय जाते?

पूर्वी पाव चांगला फुगावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट वापरले जाई. २०१६ साली सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही 'इम्प्रूव्हर' नावाच्या पुड्या बाजारात येतात. त्यांवर घटक छापलेले नसतील तर त्या घेऊ नयेत. खारीत जाणाऱ्या वनस्पती तुपाचेही तसेच आहे. घट्ट तुपात ट्रान्स फॅट नावाचा घटक असतो, तो हृदयाला घातक ठरतो. जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्के ठरली आहे. डब्यावरचे लेबल वाचून माल घ्यावा. केकच्या जेलमध्ये आणि काही इमल्सिफायरमध्ये प्राण्यांची चरबी किंवा जिलेटिन असू शकते. ते कशापासून बनले आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. आपले गिऱ्हाईक विश्वासाने माल नेते, आणि मांसाहार न करणारे शेजारीही त्याच विश्वासाने येतात.

आणखी एक सवय सोडावी. खारी-टोस्ट वर्तमानपत्रात बांधून देणे. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच याविरुद्ध इशारा दिला होता. साध्या कोऱ्या कागदाची पिशवी फार महाग नसते.

चार टेबले टाकली तर

लातूरच्या बेकरीवाल्यांनी एक गोष्ट केली आहे, ती आम्हाला आवडली. दुकानाच्या बाजूची गोदामाची खोली रिकामी करून त्यांनी चार टेबले टाकली. चहा, बन-मस्का, अंडा-ब्रेड आणि ताजी बिस्किटे. फार काही नाही. पण गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बाजाराला आलेला शेतकरी, हमाल, अडत्याचा मुनीम यांना बसायला जागा मिळाली. पाव विकत घेणारा दुकानात एक मिनिट थांबतो, चहा पिणारा पंधरा मिनिटे थांबतो आणि उठताना घरच्यांसाठी पावशेर काही तरी बांधून घेतो.

ही युक्ती नवी नाही. मुंबईत इराण्यांनी हेच केले. धोबी तलावची कयानी अँड कंपनी १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. पुण्यात डेक्कनवरचे कॅफे गुडलक १९३५ पासून आहे, आणि १९५५ ला निघालेल्या कयानी बेकरीच्या श्रूजबरी बिस्किटांसाठी अजून रांगा लागतात. आपला मुलूख तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचा इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट आपल्याकडे परके नाही. चारमिनारच्या सावलीतले निमराह कॅफे पाहा. तेथे बेकरी आणि चहा एकाच छताखाली आहेत, आणि गिऱ्हाईक उभ्या-उभ्या दोन्हींचे पैसे देऊन जाते.

दूरच्या देशातही हेच दिसते. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात मोहल्ल्यामोहल्ल्यात बेकरी असते. तिला तेथे 'पानादेरिया' म्हणतात. त्यांचा स्पॅनिश 'पान' आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' हे सख्खे भाऊच. तेथली सर्वांत आवडती वस्तू 'मेदियालुना', म्हणजे अर्धचंद्र. चंद्रकोरीच्या आकाराची, लोणी घातलेली ही गोडसर वस्तू लोक सकाळी कॉफीबरोबर खातात. आपली खारी आणि चहा यांचे नाते तेच. अशा गोड मालाला तेथे 'फाक्तुरास' म्हणतात आणि तो डझनाच्या हिशेबाने, निरनिराळे प्रकार मिसळून विकतात. गिऱ्हाईक एक प्रकार घ्यायला येते आणि सहा प्रकार चाखते. आपल्याकडेही नानखटाई, जिरा बिस्किट, खारी आणि टोस्ट यांचा मिश्र डबा करून सणासुदीला विकता येईल. तेथील बेकरी कामगारांनी १८८७ साली ब्यूनस आयर्समध्ये आपली संघटना उभारली. त्या काळापासून काही पदार्थांना 'पहारेकरी', 'बॉम्ब' अशी सरकारला चिमटे काढणारी नावे पडली, असे सांगतात. भट्टीवर राबणाऱ्या माणसाची कदर हा तेथेही जुनाच प्रश्न होता. आपल्याकडेही रात्रपाळीच्या कारागिराला ठरलेली सुट्टी, धुराड्याची नीट सोय आणि वेळेवर पगार मिळाला, तर तो टिकतो. चांगला भट्टीवाला निघून गेला की मालाची चव निघून जाते.

मुंबईचा इशारा

आता धोक्याची गोष्ट. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिला की, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. महापालिकेने नोटिसा काढल्या. बेकरीवाल्यांनी वाढीव मुदत मागितली. अनेकांना जागा नाही, गॅसची जोडणी नाही, भांडवल नाही. तो आदेश मुंबईचा आहे, नांदेड-लातूरचा नाही. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे ओळखायला वेळ लागू नये. शेजारची घरे वाढली की धुराची तक्रार येतेच. मुंबईकरांना सहा महिने मिळाले, आपल्याला आज त्याहून जास्त वेळ आहे. तो वाया घालवू नये.

पर्याय तीन. पहिला, आहे त्या विटांच्या भट्टीला गॅस बर्नर बसवणे. दुसरा, विजेची डेक ओव्हन. ती लहान धंद्याला आणि केक-बिस्किटांना बरी, मात्र वीजभार वाढवून घ्यावा लागतो. तिसरा, डिझेल किंवा गॅसवरची फिरती रॅक ओव्हन. तीत ट्रेची पूर्ण ट्रॉली आत जाते, पण ती मोठ्या धंद्यालाच परवडते. लाकडाची चव जाईल ही भीती आम्ही दोन्ही शहरांत ऐकली. विटांची कडक आच पावाला वेगळे कवच देते हे खरे, पण पावाच्या चवीचा मोठा भाग पीठ किती वेळ फुगू दिले यावर ठरतो. घाईत जादा यीस्ट घातलेला पाव लाकडावर भाजला तरी बेचवच लागतो.

भांडवलासाठी चौकशीची ठिकाणे अशी. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (ही २०२० साली निघाली) ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. तिचे काम कृषी खात्याकडे आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम फक्त नव्या उद्योगासाठी आहे, त्यात अल्पसंख्याकांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. त्याची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही जावे. योजनांच्या मुदती बदलत असतात, म्हणून दलालाच्या तोंडी भरवशावर न राहता स्वतः कार्यालयात जाऊन विचारावे.

कर आणि कागद

पावाला जीएसटी नाही. टोस्टला ५ टक्के आहे. बिस्किटे, केक, खारी यांवर पूर्वी १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. नोंदणी असलेल्या लहान बेकरीला हा मोठा दिलासा आहे. बसून चहा-नाश्ता देणे ही वेगळी सेवा धरली जाते, म्हणून टेबले टाकण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी किंवा परवाना प्रत्येकाला लागतो. तो दर्शनी भागात लावावा. बंद पाकिटावर घटक, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापावा. असे पाकीट किराणा दुकानात ठेवता येते, सुट्या मालाला तेथे जागा मिळत नाही.

इतवाऱ्यातील त्या मुलाला आम्ही एवढेच सुचवले की, भाड्याचा आकडा एका बाजूला लिही आणि दुसऱ्या बाजूला काट्याची गळती, परतीचा माल, भट्टीचे वाया गेलेले फेरे आणि चार टेबलांची कमाई लिही. तीन महिने ही वही ठेव, मग निर्णय घे. त्याने वही घातली आहे. रमजानात इफ्तारच्या आधी त्यांच्या दुकानासमोर जी गर्दी होते, ती मोबाईलच्या दुकानासमोर होणार नाही, हे तर त्यालाही माहीत आहे. विझलेली भट्टी पुन्हा पेटवायला लाकूड जास्त लागते, आणि पांगलेले कारागीर तर पुन्हा जमतच नाहीत. ज्या बंधूंच्या घरात असा विचार चालू असेल, त्यांनी आधी वही उघडावी.