पंचवीस म्हणजे वीस आणि पाच नव्हे!

दृष्टिहीन मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं ध्वनिमुद्रित करून देणारे वाचकगट आता बऱ्याच शहरांत आहेत. आमचाही एक छोटासा आहे. दुपारची कामं आवरली की आम्ही चारपाच जणी वाचायला बसतो. कार्ड भरून दिलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण पुढचं कुणी विचारत नाही. गाण्यांच्या प्लेअरवर प्रकरणांची नावं पडद्यावर येतात. जिला पडदाच दिसत नाही, तिनं सातवं प्रकरण शोधायचं कसं? तर शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला उठवायचं!

"अहो, मोबाइल बोलतो की हल्ली," असं तुम्ही म्हणाल. बोलतो, खरंच छान बोलतो. पण आमच्या बी.ए.च्या एका मुलीच्या वसतिगृहात रात्री फोन जमा करून घेतात. तिच्याकडे उरतो तो काडेपेटीएवढा जुना प्लेअर. त्याला बोटांना कळणारी बटणं आहेत, पण तोंडाला कुलूप.

यावर उपाय सुचवला माझ्या भाच्यानं. तो इंजिनीअरिंगला आहे. म्हणाला, "मावशी, याच्या पोटातलं फर्मवेअरच बदलू." फर्मवेअर म्हणजे यंत्राला चालवणारी, त्याच्या आतच बसवलेली आज्ञावली. कुठलं बटण दाबलं की काय करायचं, हे तीच ठरवते. 'रॉकबॉक्स' नावाचं असं एक खुलं फर्मवेअर आहे. 2001च्या अखेरीस ब्यॉर्न स्टेनबर्ग आणि त्याच्या स्वीडनमधल्या साथीदारांनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी ते लिहायला घेतलं, कारण मूळचं त्यांना पसंत नव्हतं. पुढे ते आयपॉडसारख्या कितीतरी यंत्रांवर चालायला लागलं. त्याची मूळ संहिता कुणीही वाचावी, बदलावी. आणि 2004 मध्ये त्यात बोलणारा मेनू आला! ॲपलच्या आयपॉड नॅनोत बोलणारा मेनू आला तो 2008 मध्ये. कंपनीच्या आधी चार वर्षं, हौशी मंडळींच्या हातून.

तयार रॉकबॉक्स उतरवून घेतलं तर एवढा खटाटोप लागतच नाही. पण ते इंग्रजीत बोलणार. आमच्या मुलीला मराठी हवं होतं. मग संहितेत बदल करून फर्मवेअर घरीच बांधायचं ठरलं.

आता गंमत अशी की, घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर एका जातीचा आणि प्लेअरचा दुसऱ्या, 'एआरएम' जातीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. माणसांना वाचता येणारी संहिता यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. पण इथं कॉम्प्युटरवर बसून प्लेअरच्या भाषेत उतरवणारा हवा. त्याला म्हणतात क्रॉस कंपायलर. माप पुण्यातल्या लेकीचं, मशीन सोलापुरात आईकडे, ब्लाउज बेतायचा लेकीच्या मापानं, तसंच हे. रॉकबॉक्सवाल्यांनी हे कंपायलर उभे करणारी एक आज्ञावलीच देऊन ठेवली आहे. कुठल्या प्रोसेसरसाठी, एवढं ती विचारते आणि कामाला लागते. आमच्या जुन्या डेस्कटॉपवर तेवढ्यात माझा सगळा स्वयंपाक झाला. नंतर 'कॉन्फिगर' केलं की कुठला प्लेअर ते विचारतं, 'मेक' म्हटलं की शिलाई सुरू, आणि 'मेक झिप' म्हटलं की घडी घालून तयार. ती झिप प्लेअरवर उलगडायची. प्लेअर सुरू होताना रॉकबॉक्सला हाक मारणारा बूटलोडर तेवढा आधी एकदा बसवावा लागतो. आमच्या प्लेअरवर मूळचं फर्मवेअरही शाबूत राहिलं.

भाषेची फाइल मात्र माझ्यासारख्या कला शाखेच्या बाईलाही वाचता आली. प्रत्येक वाक्यासाठी पडद्यावर काय दिसावं आणि कानाला काय ऐकू यावं, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. पडदा आम्ही इंग्रजीच ठेवला, तो बघणारच कोण? शेकडो वाक्यं आहेत, त्यातली रोजची आधी घेतली. उरलेली इंग्रजीतच राहिली, तेवढं चालतं.

आवाज प्लेअर स्वतः तयार करत नाही, तेवढी ताकद त्याच्यात नाही. शब्दांचे तुकडे कॉम्प्युटरवर आधीच तयार करून द्यायचे, तो फक्त वेळेला वाजवतो. ई-स्पीक नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी बोलतं, पण अगदी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. म्हणून आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिकेचा आवाज घेतला.

आणि अडलं कुठे, तर अंकांवर! पंचवीस म्हणायचं तर रॉकबॉक्स 'वीस'चा तुकडा वाजवतं आणि मग 'पाच'चा. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह झकास होतं. मराठीत 'वीस पाच' कोण म्हणतं हो? आपल्याकडे एक ते शंभर प्रत्येक अंकाचं नाव वेगळं. नुसते शब्द बदलून भागेना, अंक म्हणण्याची रीतच संहितेत बदलावी लागली. स्वतः कंपाइल करायची खरी गरज पडली ती इथं. कंपनीच्या बंद फर्मवेअरमध्ये हे कुणाला करता आलं असतं? बाईंनी शंभरच्या शंभर अंक म्हटले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखे वाटू नयेत म्हणून ते दोन तर तीनतीनदा.

प्लेअरवर चढवण्याआधी पडताळा घ्यायची सोयही यात आहे. सिम्युलेटर म्हणून एक प्रकार बांधता येतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो प्लेअरच उघडतो आणि बोलतो. मुलगी आमच्याकडे येऊन डोळे मिटून तासभर त्याच्याशी बोलत बसली. सूचनाही तिच्याच. "काकू, 'बॅटरी पातळी' कशाला? 'बॅटरी' आणि आकडा पुरे. रात्री तेवढंच ऐकायचं असतं." पुस्तकांच्या फोल्डरांना नावाची ध्वनिफीत जोडता येते, तीही तिनंच आपल्या आवाजात करून घेतली. 'राज्यशास्त्र, कंटाळवाणं' असं एका फोल्डरचं नाव आहे!

आता प्लेअर तिच्या उशाशी आहे. सातवं प्रकरण ती स्वतः काढते, मैत्रीण निवांत झोपते. घड्याळ मात्र अजून 'दोन तीस' म्हणतं. त्याला 'अडीच' म्हणायला शिकवायचं राहिलंय, भाच्याची परीक्षा झाली की ते काम हाती घ्यायचं आहे. दीड, अडीच आणि बाकीचे सगळे साडे मी बाईंकडून आधीच म्हणवून घेतलेत.