गिटार वाजवताना बोटं सोलतात? आधी तारांची उंची मोजा

ऑनलाइन मागवलेली तीन-चार हजारांची गिटार घरी येते. मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरगं शिकायला बसतं आणि आठवडाभरात बोटांवर वळ उठतात. महिन्याभरात गिटार खुंटीला लागते. ‘तुला काही जमायचं नाही’ असं घरचे म्हणतात आणि पोरालाही ते खरं वाटू लागतं. बऱ्याचदा दोष पोराचा नसतो, गिटारच नीट बसवलेली नसते.

स्वस्त गिटारच्या तारा बऱ्याचदा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. त्यामुळे तार कुठे आपटून खरखरत नाही, पण दाबायला जोर लागतो. मिरजेचे कारागीर घोडी घासून तंबोऱ्याची जवारी काढतात, तसाच गिटारलाही कारागिराचा हात लागावा लागतो. या कामाला सेटअप म्हणतात.

उंची कशी मोजायची?

मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तारा सुरात लावा. मग 12व्या फ्रेटवर स्टीलची मोजपट्टी उभी धरून फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांतलं अंतर बघा. मोजपट्टीचे आकडे टोकापासूनच सुरू होणारे हवेत. सर्वांत जाड तारेखाली साधारण 2.5 मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली 2 मिलिमीटर अंतर ठीक असतं. 4 मिलिमीटर भरलं, तर बोटं दुखणारच.

बिनखर्चाचे उपाय

बोट दोन फ्रेटच्या मधोमध नको, पुढच्या फ्रेटला अगदी लागून मागच्या बाजूला ठेवा. तिथे कमी जोरात सूर स्वच्छ निघतो. डाव्या हाताची नखं बारीक कापा. भांडी, कपडे धुतल्यावर किंवा आंघोळीनंतर लगेच वाजवू नका, ओली कातडी लवकर सोलते. एकदम तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा 10-15 मिनिटं वाजवा. साधारण तीन-चार आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात.

सहाही तारा अर्धा सूर खाली उतरवल्या, तर ताण साधारण 11 टक्क्यांनी कमी होतो. मूळ सूर हवा असेल, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे मानेला लावायचा चिमटा, बसवा.

तारा बदला

तारांच्या पाकिटावर 12, 11, 10 असे आकडे असतात. ती सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. 12 नंबरच्या सेटमध्ये सहा तारांची मिळून ओढ 70 किलोच्या पुढे जाते, म्हणजे धान्याच्या 50 किलोच्या पोत्याहून जास्त. 10 नंबरच्या सेटमध्ये ती 60 किलोच्या आसपास येते. आवाज थोडा बारीक होतो, पण नवशिक्याला फरक लगेच जाणवतो. गंजलेल्या तारा बोटं जास्त सोलतात, म्हणून वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा.

एक चूक टाळा. नायलॉनच्या तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. तो ताण तिला पेलत नाही आणि घोडी उखडू शकते.

कारागिराकडे काय सांगायचं?

आधी मान तपासायची. जाड तार पहिल्या आणि 14व्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि 7व्या फ्रेटवर बघा. तिथे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट असावी. फट जास्त असेल, तर मान वाकली आहे. मानेच्या आत लोखंडी दांडा असेल, तर तो चावीने पाव फेऱ्याहून जास्त न फिरवता आवळतात आणि पुन्हा तपासतात. जोर केला, तर दांडा तुटतो.

मग वरच्या टोकाचा नट बघायचा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली, की पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसावी. जास्त दिसली, तर नटच्या खाचा उथळ आहेत. सुरुवातीचे कॉर्ड दाबताना हात भरून येतो, त्याचं हे नेहमीचं कारण.

शेवटी सॅडल, म्हणजे घोडीवरची पांढरी पट्टी. 12व्या फ्रेटवर 1 मिलिमीटर उंची कमी करायची, तर सॅडल खालून 2 मिलिमीटर घासावी लागते. घासलेलं परत येत नाही, म्हणून जुनी सॅडल जपून ठेवून नव्या सॅडलवर काम करून घ्या. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल, तर मात्र घासू नका. घोडी उचलली गेली आहे, ती आधी चिकटवावी लागेल.

पावसाळ्यात लक्ष ठेवा

दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं आणि तारा आपोआप उंच होतात. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि तारा खरखरू लागतात. म्हणून गिटार ओल्या भिंतीला टेकवू नका आणि तापलेल्या पत्र्याखालीही ठेवू नका. जून ते सप्टेंबर ती पिशवीत बंद ठेवा आणि महिन्यातून एकदा उंची मोजा.

पोराने गिटार सोडायचं ठरवलं असेल, तर त्याआधी एकदा 12व्या फ्रेटवर मोजपट्टी लावून बघा. तारा उंच निघाल्या, तर आधी गिटार दुरुस्त करून द्या आणि मग महिनाभर वाजवू द्या.