तापीच्या पाण्यावर दोन तास

मैत्रिणींनो, अगदी खरं सांगा. तुम्ही आणि तुमचे 'हे' असे दोघंच शेवटचे कधी फिरायला गेला होतात? लग्नकार्य, दवाखाना आणि दिवाळीची खरेदी यात धरायची नाही हं!

मी हा प्रश्न स्वतःला विचारला, तेव्हा उत्तरच सापडेना. लग्नाला चौदा वर्षं झाली. सप्तशृंगीला गेलो, शिर्डीला गेलो, पद्मालयाच्या गणपतीला तर कितीदा! पण दरवेळी बरोबर सासूबाई, दोन्ही मुलं, नणंदेची मुलं आणि चिवड्याचे डबे. दोघंच असे नाहीच.

त्यातून गेल्या हिवाळ्यात घरात एक विषय कुजबुजत होता. मी जळगावच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी. ए. झालेली. पूर्णवेळ शिक्षिका व्हायचं तर बी. एड. हवं आणि ते दोन वर्षांचं. जळगावात नंबर लागला नाही, तर धुळ्याला माहेरी राहून करायचं, असं माझ्या मनात होतं. मी एकदा बोलले. हे "बघू" म्हणाले. त्या "बघू"वर तीन महिने गेले. भांडण नाही, काही नाही. पण जेवताना आमच्यात मिठाची वाटी सरकवण्यापुरतंच बोलणं उरलं. प्रवेश परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र जवळ येत होती.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "रविवारी चांगदेवाला जाऊन या दोघं. मुलांजवळ मी आहे." त्यांच्या काय लक्षात आलं होतं, ते त्यांनाच ठाऊक!

भल्या सकाळी निघालो. भुसावळ, वरणगाव करत मुक्ताईनगरच्या बाजूला वळलं की तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव गाव लागतं. काळ्या पाषाणाचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा मात्र अंगणात चार-दोनच माणसं होती. दर्शन घेतलं आणि घाटावर आलो. एक लाकडी होडी उभी होती. नावाडीबाबांशी यांनी बोलणं केलं आणि आम्ही बसलो.

खाली हतनूरचं धरण आहे. ते 1982 साली झालं. त्याचं पाणी इथवर तुंबतं, म्हणून संगमाचं पात्र तळ्यासारखं रुंद आणि शांत दिसतं. थंडीत लांबलांबून पाणपक्षी इथं उतरतात. केशरी रंगाची चक्रवाकं जोडीजोडीनं बसलेली दिसली. पाणकावळे पंख वाळवत होते. वल्ह्याचा तेवढा चुबुक चुबुक आवाज. काठानं केळीच्या बागा, मध्येच गव्हाची हिरवी पट्टी.

मैत्रिणींनो, होडीत एक मोठी गंमत असते. तिथं करायला कामच नसतं! दूध उतू जात नाही, बेल वाजत नाही, यांना वर्तमानपत्र नाही. समोरासमोर बसायचं आणि बोलायचं, नाहीतर पाण्याकडे बघायचं. पहिला अर्धा तास आम्ही पाण्याकडेच बघितलं.

मग नावाडीबाबांनी चांगदेवांची गोष्ट काढली. तुम्हाला ती ठाऊक आहेच. योगबळानं चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. पण मायना काय घालावा, चिरंजीव की तीर्थरूप, ते ठरेना. म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून धाकटी मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला! त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. तीच चांगदेव पासष्टी. पुढं चांगदेवांनी मुक्ताईलाच गुरू केलं, आणि 1297 साली वीज कडाडली तेव्हा ती याच परिसरात अंतर्धान पावली, असं परंपरा सांगते. कोथळी आणि मेहूण ही तिची ठाणी जवळच आहेत. कोथळीहून तिची पालखी आषाढीला थेट पंढरपूरपर्यंत जाते.

गोष्ट संपली, तशी मी हळूच म्हटलं, "अहो, आपलाही कागद तीन महिने कोराच आहे."

हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, तू शिकू नये असं मला वाटत नाही. पण तू धुळ्याला गेलीस तर घर कसं चालतं, हेच मला ठाऊक नाही. पोरांचे डबे किती वाजता लागतात, आईची गोळी कोणती, गॅस कधी लावायचा... विचारायची लाज वाटली."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी समजत होते यांना माझं शिकणं नको आहे. आणि हे आपले डब्यांच्या काळजीत!

मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. सोमवारी पहाटेच्या एस. टी.नं जायचं, शनिवारी संध्याकाळी परत यायचं. पोळ्यांना बाई लावायची. भाजी-वरण यांनी शिकायचं. थोरलीनं धाकट्याचा अभ्यास घ्यायचा. फीचं काय, तेही मोकळेपणानं बोललो. माझी भिशी आहे, पण ती पुरणार नाही, हे मान्य केलं. सगळंच काही सुटलं नाही. सासूबाईंना रात्री दम लागला तर काय, याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. पण प्रश्न आता दोघांचा झाला.

परतताना सहज मनात आलं. माझ्या माहेरची पांझरा मुडावदला तापीला मिळते, सासरची गिरणाही तापीलाच मिळते. वाटा वेगळ्या असल्या म्हणून काय झालं?

काठावर बसून कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा खाल्ला. घरी येऊन त्याच रात्री अर्ज भरला. शेजारी बसून यांनी चहा केला. साखर जरा जास्त पडली होती, पण मी बोलले नाही!

तुम्हीही जाणार असाल, तर थोडं सांगते. पावसाळ्यात मुळीच जाऊ नका. हतनूरचे 41 दरवाजे असतात, ते उघडले की नदीचं रूप पालटतं. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ चांगला. होडीत तरंगजाकीट असेल तर ते घालूनच बसा, आणि गर्दीच्या होडीत चढू नका. होडीत उभं राहून फोटो काढू नका. पदर खोचून घ्या, पायात सपाट चप्पल घाला. डब्यात रस्सा नको, कोरडी भाजी न्या. उष्टं-खरकटं आणि पिशव्या घरी परत आणा. पैसे किती, किती वेळ फिरवणार, ते आधीच ठरवा.

आणि मुलांना? एक दिवस आजीजवळ ठेवा. ती काही बिघडत नाहीत. आमच्याकडे तर सासूबाईंनी त्यांना धिरडी करून घातली आणि आम्ही आल्यावर विचारलं, "झालं का बोलणं?"